वरचा मजला

मानेवाड्याच्या या घरात माझं छत म्हणजे
वैरागड्याची फरशी.
मधे सहा इंच सिमेंट आणि एक पंखा,
दुखायला लागलं की तोही मी बंद करते.

कूलरसुद्धा. मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत.
वाळ्याचा ओला वास तेव्हा सोसत नाही,
संत्र्याच्या सालीचा नाही, फोडणीचा तर नाहीच.
कपाळाला ओढणी आवळून
भिंतीकडे तोंड करून पडते,
जणू डोक्यावर काठोकाठ भरलेली परात आहे
आणि पापणी हलली तरी सांडेल.
नणंद म्हणते, मेल्यागत काय पडता वहिनी,
जरा फिरा, बरं वाटेल.
फिरा!
मी श्वाससुद्धा चोरून घेते.

वर तो फिरतो.
होळीच्या मागेपुढे महिना-दीड महिना,
रात्री दोनला. दोन म्हणजे दोनच,
कोराडीची पाळी लागावी तसा.
खाट करकरते, मग पावलं,
अकरा खिडकीपर्यंत, वळण, अकरा परत.
मग भिंतीवर काहीतरी आपटतं, पुन्हा पुन्हा,
ते कपाळ आहे हे मला फार उशिरा कळलं.
पहिल्या वर्षी वाटलं, पितो.
खोली खाली करा अशी चिठ्ठीही लिहिली होती.
दिली नाही, एवढंच.

एका सकाळी जिन्यातून ऑक्सिजनचा सिलिंडर चढला.
गल्ली विचारायला लागली, कोण अत्यवस्थ आहे?
कोणीच नाही. दुपारी वैरागडे डबा घेऊन
ड्युटीवर निघाला, डावा डोळा तेवढा लाल,
अर्ध्याच चेहऱ्याने रात्रभर रडल्यासारखा.

त्याची कुंदा गच्चीची किल्ली घेऊन आली.
"तुमच्यापाशी राहू द्या ताई, महिनाभर.
ते काही करनार नाहीत. पन राहू द्या."
मी काही विचारलं नाही.
तांदळाच्या डब्यात मनगट बुडेपर्यंत हात घातला
आणि पुरली.

परवा दोघांचंही एकदम आलं.
मी खाली, परात सांभाळत.
तो वर, अकरा आणि अकरा.
प्रत्येक पाऊल माझ्या डोळ्यामागे पडत होतं
आणि मी मनात शिव्या देत होते,
माहेरी शिकलेल्यासुद्धा.
मग अकराच्या जागी सातच झाली.
पुढे काही नाही.

ही शांतता मी वीस वर्षं मागत आले होते.
आली, आणि मी ताडकन उठून बसले.
परात सांडली. ओकारी तोंडाशी,
हात तांदळात.
किल्ली होती.
किल्ली होती तरी मी तशीच,
मुठीत तांदूळ घेऊन, वर बघत राहिले,
तोवर सिलिंडरची बारीक सूं सूं ऐकू आली,
आणि बऱ्याच वेळाने, आठ.
नऊ.
चाल रे बाबा, म्हटलं. चाल.

सकाळी फाटकाशी भेटला.
"माझा आवाज होतो का ताई, रात्री?"
"कुठे काय," मी म्हटलं,
आणि उन्हाकडे पाठ करून
दुधाची पिशवी उचलली.