बत्तीस नंबरचा पाना

अंबडहून पेटी निघाली तेव्हा
कागदावर वजन चारशे बारा किलो.
सांतोस बंदरात भरलं
चारशे बारा, आणि वर अर्धा.

उघडली.
व्हॉल्व्हांच्या मधे, थर्माकोलच्या आड
गांगुर्डेंचा बत्तीस नंबरचा पाना,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

आता पोर्तुगीजमधून विचारतात:
आठ आकडी कोड? किंमत? मूळ देश?
आयातकर, त्या करावर कर,
दोन्हींच्या बेरजेवर राज्याचा तिसरा,
शिवाय अडकून पडलेल्या पेटीचं रोजचं भाडं.

मी फॉर्म भरतेय.
'वस्तू पाठवण्याचा हेतू'
इथं येऊन थांबलेय.

गांगुर्डे दारात,
ऑइलचे हात पाठीमागे.
"मॅडम, दंड पगारातून कापा.
पण पाना
परत आणायला किती पडतील?"