दोन राप्या

सुभाषनगरात आमच्या पडवीत दोन राप्या.
एक इलाही शिकलगारानं करवतीच्या पात्यातून काढलेली,
उद्यमनगरात लोखंड कापून कापून मेलेल्या करवतीच्या.
दुसरी ट्रकच्या कमानपाट्याची,
शिरोली नाक्यावरच्या भंगारातून किलोवर आणलेली.
दोन्ही तेलात विझवल्या,
तरी इलाहीचाचा म्हणाले, पाणी दिलंय.

मी भिंतीवर कोळशानं रेघा मारत गेले.
म्हशीचं कातडं, हिरडा-बाभळीत मुरलेलं,
वाळलं की फळी.
कमानपाटा अकरा तळ कापून थकायचा,
धार एका अंगाला कलायची, झोप आलेल्या पोरासारखी;
पट्ट्यावर दोनदा ओढली की जागी.
करवतीची मात्र एक्केचाळीस तळांपर्यंत
दगडाचं नाव काढायची नाही.

मामंजी म्हणाले, हीच माझी.

पण त्यांचा हात दाबणारा.
टाचेच्या वळणाला ते रापी फिरवत नाहीत, मुरगळतात.
तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी,
टक्.
नखाच्या चंद्राएवढा टवका.
पोर रांगतं म्हणून सगळी फरशी चाचपली आम्ही.
संध्याकाळी त्यांनी ती कोपऱ्यात टाकली,
"नुसता ताठा. वाकायचं म्हाईतच न्हाई हिला."
आणि बघितलं माझ्याकडं.

भाकरी झाल्यावर, आठ रात्री,
मी तिला दगडावर घासलं.
बोटांचं कातडं गेलं, पोलाद जाईना.
नवव्या रात्री चंद्र मावळला.

आता कमानपाटा मामंजींचा.
कितीही मुरगळा, उलटतो, शिव्या खातो,
मोडत नाही.
करवतीची माझी.
आमच्यात बायांनी वेणी घालायची, शिवायचं,
कापायचं गड्यांनी.
पण कुणी नको म्हणालं नाही,
ती तर टाकलेलीच होती.
मी कातडं फिरवते, पाट फिरवते, स्वतः फिरते,
तिला फिरवत नाही.

परवा कागलहून एकजण अंगठा तुटलेली चप्पल घेऊन आला.
उलटी केली. टाचेच्या काठानं
केसाएवढी उंच रेघ धावत होती.
म्हणजे टवका उडाल्यावरही त्या मंगळवारी
मामंजींनी जोड कापले होते, कुणाला न सांगता.
मी रेघेवरून अंगठा फिरवला,
आणि अंगठा शिवून दिला.
दहा रुपये कमी घेतले.
का, ते त्यानं विचारलं नाही.
मामंजी पलीकडं पट्ट्यावर धार ओढत होते,
दोनदा पुरे असताना
पाच-सहा वेळा.