चिंचोके

रात्री फरशीवर सोळा चिंचोके मांडले,
आठ सोललेले, आठ तसेच,
समोरासमोर दोन लांब रांगा,
अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये असतात तशा.
तिथे दर रविवारी पाच वाजता
मी काँट्रा नाचवते.
नाचवते म्हणजे
स्टुलावर उभी राहून पुढचं सांगते.

एकाला उजव्या हातानं फिरवलं,
लगेच शेजारणीशी गाठ, परत उजवा,
पाठीला पाठ, मग गरका,
चौसष्ट पावलांत जोडी एक घर पुढे.
काय नेटकं बसलं!
वहीत उतरवून खाली तारीख टाकली.
सहीसुद्धा केली, खोटं कशाला बोलू.

मे महिना. कूलरच्या खसाला कुबट वास.
मॉरिस अंकलनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं,
गाडी सोडण्याआधी गार्ड बघतो तसं
हॉलभर बघितलं,
आणि सुरू.

हाक दोन मात्रा आधी सुटावी लागते.
पाय पडायच्या वेळी शब्द पोचला
तर तो उशिराच पोचला.
म्हणून रविवारी मी
सगळ्यांच्या जराशी पुढे जगते.

उजव्यानं फिरा, म्हटलं. फिरले.
शेजारणीला उजवा, म्हटलं,
आणि रांग मधोमध खचली.
ढोकेबाई वळल्या त्या भिंतीकडे,
पोस्टातले दोघं एकमेकांच्या कोपरांत,
आणि नंदनकर, वय सदुसष्ट, घामानं चिंब,
तिथूनच ओरडले,
"उजवा त तिकडंच गुंतून राहिला ना, मॅडम!
आता दुसरा उजवा कुठून आणू?"

हॉल हसला. मीही हसले,
पण कान तापले होते.
तालात चूक नव्हती. मोजणीतही नव्हती.
चिंचोक्यांना खांदे नसतात, एवढंच.
त्यांना मागच्या वळणाचा झोक
पुढच्या वळणात न्यावा लागत नाही.
उचलला, ठेवला.

तांडापेठेत बाबांचा माग होता.
धोटा एकीकडून सुटला की
तो पलीकडे जाणारच,
त्याला कोणी जा म्हणत नाही.
सूत तुटलं की बाबा आधी स्वतःचा हात बघायचे.
सुताला काय बोलतं, म्हणायचे,
त्याची वाट तूच अडवली असंल.
तेव्हा मला वाटायचं,
बाबा उगाच सुताची बाजू घेतात.

"थांबा," मी म्हटलं. "दुसरा हात डावा करा."

एक शब्द.
वहीतला तोच पट, त्याच चौसष्ट मात्रा.
उजवा सुटला तेव्हा
डावा रिकामाच होता,
नुसता रिकामा नाही, निघालेलाच होता.
नंदनकर त्याच्या मागून गेले,
बैल ओळखीच्या वळणावर वळतो तसे,
आणि ढोकेबाईंचा पदर पहिल्यांदाच
त्यांच्या मागून आला, आडवा नाही आला.
खाली अख्खी रांग
आठाचा आकडा गिरवत सुटली.

तिसऱ्या फेरीला माझे शब्द निम्मे झाले.
पाचव्या फेरीला नुसतं, "डावा."
सातवीला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

टोकाला पराते यांची लहान मुलगी,
आज पहिलाच दिवस,
मान वर करून माझ्याकडे बघत होती.
पुढं काय, मॅडम? असे डोळे.
मी सांगणार
तोवर तिचा हात पुढे गेला होता
आणि तो कोणीतरी धरलाही होता.

तिचं पाऊल चुकलं. पार चुकलं.
पण ती थांबली नाही,
तिच्यामुळे कोणी थांबलं नाही,
मी टोकलं नाही.

मॉरिस अंकलनी भुवई उडवली, अजून एकदा?
मी मानेनं हो म्हटलं
आणि स्टुलावरून उतरले.
केव्हाची तहान लागली होती.