दोन अर्थ

आवाज खाली आणला, तर तोही खाली उतरला,
पण घराबाहेर गेला नाही.
हं.
भिंतीपलीकडे कुणी ओठ मिटून बसल्यासारखा.
चंद्रकला म्हणाली, भुंगा शिरला असन डब्यात.
मी पंपाच्या मोटारी भरून देणारा माणूस,
तांब्याच्या वेटोळ्यात हात घालून तीस वर्षं झाली,
आणि भुंगा माझ्याच घरी?

मे महिना. निम्मं गाव तेंदूपानाच्या फळीवर,
उरलेलं दारात बाज टाकून.
मी उघड्या अंगानं ॲम्प्लिफायर उघडून बसलेला.
वडशाच्या एका नाटक कंपनीनं मोडीत काढला, मी उचलला.
मागच्या पत्र्यावर अजून कुणाची तरी
चुन्याची बोटं आहेत.

आधी कपॅसिटर बदलले. फुगलेले होतेच.
कण्हणं बारीक झालं.
मग ट्रान्सफॉर्मर सोडवला, आडवा केला, तिरपा केला,
झोप न येणाऱ्या लेकरासारखी त्याची कूस बदलून पाहिली.
विजेची तार आणि आवाजाची तार
वीतभर दूर नेल्या एकमेकींपासून;
ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात,
सोयरीक तुटलेली माणसं बाजारात ओलांडतात तशा.
तरी हं.
शेजारचा मयाराम येऊन बसला, ऐकून म्हणाला,
राहू दे ना बा, पंख्यासारखा वाटते, झोप लागते.

मग एकेक तार उपटत गेलो.
टेपची काढली. हं.
मोबाइलची. हं.
डिशची काढली,
आणि घर इतकं गप्प झालं
की चंद्रकला आतून धावत आली, काय फुटलं ते पाहायला.

छत्रीचा लोखंडी पाय
बोअरच्या पाइपाला नटानं आवळलेला.
मीच आवळला होता, वाऱ्यात हलते म्हणून.
आणि मीटरपाशी दुसरा खड्डा,
मीठ-कोळसा घालून बाबांनी बुजवलेला, उन्हानं तडकलेला.
आमच्या धंद्यात जमिनीत जाणाऱ्या तारेला अर्थ म्हणतात.
घराला एकच हवा.
दोन झाले की ते आपसात बोलू लागतात
आणि मधल्या तारेला रात्रभर ऐकावं लागतं.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून
छत्रीच्या पायाखाली घातला.
तिची तारही मीटरच्याच खड्ड्यात आणून सोडली.
वर दोन बादल्या पाणी. माती आधी फुसफुसली, मग प्यायली.

तेव्हा कुठे धनपालची कॅसेट लावली.
आमचा थोरला. तो गेला त्या वर्षी पेटीत सापडलेली.
मंडईच्या रात्रीचं नाटक; हा कंपनीचा माइकवाला.
पडदा उघडायची शिट्टी, लोकांचा गलका,
आणि त्याखाली, पुन्हा,
हं.

पेचकस हातात घेतला. म्हटलं आता काय राहिलं?
सगळ्या तारा जागच्या जागी.
तेवढ्यात तो आपोआप थांबला.
कापून टाकल्यासारखा. पुढचा सगळा अंक स्वच्छ,
राजाचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

मग आठवलं, तो सांगायचा:
जनरेटरवर माइक भणभणला
की मी स्टँडचा दांडा मुठीत धरून बसतो.
अर्थ तुटला असला की माणसानं अर्थ व्हायचं.
आम्ही हसायचो. पहाटे घरी यायचा
तेव्हा मूठ उघडत नसे त्याची, आई तेल चोळायची.

तर ही शांतता म्हणजे त्याची मूठ.
तिसऱ्या अंकात, सेनापती खोटं हसतो तिथे,
हं परत आला.
अर्धा मिनिट असेल. खर्रा घोटायला लागतो तेवढा.
मग पुन्हा गप्प.

झाला का दुरुस्त, चंद्रकलानं विचारलं.
झाला, म्हटलं.
थोडा मोठा कर.