मनोरीहून दिसणारा दिवा

मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने अवघी पाच मिनिटं.
एवढ्यासाठी आम्ही चार बॅगा भरल्या,
तापाचं औषध, डासांचं मलम, निषादची उशी.

ऑरेलियाबाईंच्या वाडीत पोचताच
इंदवीने खुराड्यातलं अंडं उचललं
आणि हबकून विचारलं,
"हे कोणी गरम केलं?"
बाई हसल्या. कोंबडी मात्र
सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी
कुरकुरत मागे मागे फिरत राहिली.

दुपारभर दोघं विहिरीच्या पंपाखाली.
निषादने बदकांना वर्गातल्या मुलांची नावं दिली.
एकाला दिलंच नाही.
"तो माझ्याशी बोलत नाही."
हे तो घरी कधी म्हणाला नव्हता.

रात्री माडांमधून खाडी दिसली,
पल्याड मालाडच्या इमारती.
गच्चीवरचा लाल दिवा धरून
इंदवी एकेक मजला खाली उतरली
आणि तिला आमचं घर सापडलं:
बाथरूमचा दिवा चालू.

"शेवटी तू गेलेलास."
"मी? कुलूप कोणी लावलं?"
नेहमीचंच भांडण, पण दबक्या आवाजात,
माडीवर दुसरं कुटुंब झोपलेलं.

"आत्ता तिथे कोण आहे?"
कुणी नाही गं.
"मग दिवा कुणासाठी?"

उत्तर सुचेपर्यंत ती झोपलेली,
मुठीत कोंबडीचं पीस.
आम्ही पडवीत बसून राहिलो
त्या पिवळ्या चौकोनाकडे बघत,
जणू आत कुणी आंघोळ करतंय
आणि बाहेर यायला
फार वेळ लावतंय.