फॅक्सचा रकाना

अजमानच्या खाडीलगत
बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या दुकानात
एकच प्रोग्रॅम होता. एकवीस वर्षं.
पत्र त्यातच, हिशेब त्यातच, गिऱ्हाइकांची कार्डं त्यातच,
कुणाचा व्हिसा कधी संपतो तेही त्यातच.
बनवणारी कंपनी बुडाली, की दुसरीने गिळली,
आम्हाला पत्ताच नाही.
एसीखाली तो चालत राहिला
अरबाबच्या जुन्या लँड क्रूझरसारखा.

मग जुलैत नवे लॅपटॉप आले
आणि त्यांनी त्याला ओळखच दाखवली नाही.

कालिकतचा शिजित आला, बॅगेत तीन चार्जर.
म्हणाला, दीदी, सगळं एकात असं आता कुणी बनवत नाही.
लिहायला हे घ्या. आकडेमोडीला हे.
कार्डांसाठी ते, पण ते ढगात.
तारखांसाठी आणखी एक, फुकट, दहा माणसांपर्यंत.
आम्ही अकरा.
प्रत्येकाचा निराळा पासवर्ड, प्रत्येकाचं महिन्याचं भाडं.
अरबाबने विचारलं, एकदा विकत घेतलेलं परत भाड्याने का?
शिजितने माझ्याकडे पाहिलं.
मी चहा मागवला.

कार्डं मात्र आली. दोन हजार तीनशे चौदा.
नाव, फोन, बाकी, सगळं शहाण्यासारखं
आपापल्या रकान्यात बसलं.
तुटले ते फक्त शेरे.

शेरे परकारचाचांचे. हर्णैचे. माझ्या आधी या खुर्चीत.
मराठी, पण इंग्रजी अक्षरांतली,
कारण कीबोर्डवर दुसरी नव्हतीच.
नव्याने थोडी अक्षरं घेतली, उरलेली सांडून दिली:

खलिफा नाखवा. उधारी फेडतो, पण रमजानच्या तोंडावर मागाल तर

बंदर अब्बासचा करीम. रोख मोजून घ्या, राग मानत नाही, उलट

फुजैराचा जाबीर. मुलगा गेल्यापासून फोनवर आधी

आधी काय?
नऊ वर्षं मी त्या माणसाशी बोलते आहे
आधी गॅस्केटचा नंबर विचारून.

आणि कामगारांच्या यादीत, माझं:

नवीन मुलगी. पनवेलची. हिशेब पक्का, जीभ तिखट. हिला

शारजाच्या खोलीत, वरच्या बाकड्यावर, रात्रभर
त्या शब्दाला शेपट्या लावत पडले.
हिला चाव्या देऊ नका.
हिला अरबाबसमोर बोलू देऊ नका.
हिला पुढच्या वर्षी बघू.

रविवारी दुकान उघडलं.
गोदामात, प्रोपेलरच्या खोक्यांमागे, जुना होता.
वायर लावली. पंखा खोकला, थांबला,
पुन्हा खोकला.
निळा पडदा. तेच हिरवं कपाटाचं चित्र.
माझं कार्ड.

हिला साडेपाचला सोडा. नंतर शारजाची बस भरते,
ही उभी राहते आणि सांगत नाही.

म्हणजे ते तसं होतं.
रोज साडेपाचला चाचा अर्धे दिवे मालवायचे,
डोळे चोळायचे, म्हणायचे,
आता मला दिसत नाही, जा सगळे.
मी बसमध्ये खिडकीशी बसून म्हणायची,
म्हातारा कामचुकार आहे.

सोमवारी शिजितला विचारलं, लांब शेरे कुठे ठेवू?
म्हणाला, वरच्या दर्जाचं घ्यावं लागेल, त्याचं भाडं दुप्पट.
मग मलाच सापडला
कार्डाच्या तळाशी, का कुणास ठाऊक,
फॅक्सचा रकाना.
फॅक्स आता कोण करतं?
पण तो आहे. हवा तेवढा ताणला जातो,
आणि आकडेच हवेत असा हट्टही धरत नाही.

जाबीर, फॅक्स:
आधी बोटीचं नाव विचारा. बोट मुलाच्या नावाची आहे.
त्याला ते उच्चारायला आवडतं. मग गॅस्केट.

साडेपाचनंतर रोज चाळीस उतरवते.
अठराशे बाकी आहेत.
जुन्याचा पंखा तोवर टिकला पाहिजे.