सुट्टे

जयश्री प्रोव्हिजनच्या काउंटरवर एक निळी टोपली होती,
पाव किलो मिरच्या मावतील एवढी.
आम्ही पैसे त्यात टाकायचे,
सुट्टे त्यातूनच उचलायचे.
सोसायटीतल्या बायकांना तो हातात द्यायचा,
वर एक लिमलेटची गोळी.

टोपलीबद्दल कुणी कधी बोललं नाही.
पहाटे पाचला आम्ही गुलटेकडीच्या ढिगावर,
ओलं एकीकडे, सुकं एकीकडे.
वेगळं काढणं हा आमचा धंदाच,
म्हणून वेगळं काढलेलं पटकन दिसलं नसेल.

मग हौसा खुडेच्या नातीनं, सात वर्षांच्या प्रचितीनं,
आइस्क्रीमच्या फ्रिजचं झाकण स्वतः उघडलं.
तो ओरडला नाही.
फडकं घेऊन आला
आणि तिच्यादेखत हँडल पुसलं.
दोनदा.

त्या रात्री नळावर छबू आल्हाट म्हणाली,
"उद्यापासून त्याचं काही घ्यायचं नाही.
काडेपेटीसुद्धा नाही."
बास. ना बोर्ड, ना घोषणा.
एकशे तीस घरं,
आणि महिनाअखेर.

सासऱ्यांना सांगितलं तर हसले.
"बहिष्कार? तो तर आपल्यावर असतो."
मेलेलं ढोर ओढायला नाही म्हटलं म्हणून
गावच्या गिरणीवाल्यानं एका उन्हाळ्यात
ह्यांचं दळण बंद केलं होतं.
दोन महिने जोंधळा शिजवून खाल्ला, अख्खा.
उरलेले दात जिभेनं चाचपत म्हणाले,
"म्हणजे हे उलट्या बाजूनं पण धरता येतं?"

येतं. पण मूठ नसते त्याला,
आपलाही हात कापतो.
त्याच्याकडे उधारी होती, पद्मावतीला रोख,
आणि येताना पाच किलो पीठ डोक्यावर.
छबूच्या नवऱ्याची तंबाखू सुटली
तेवढाच काय तो फायदा.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पोरानं
मोबाईलनं पैसे द्यायचा चौकोन चिकटवला.
डबी बोलायची, गोड आवाजात,
"वीस रुपये प्राप्त झाले."
पोरगा वस्तीत सांगत आला,
आता टोपलीच नको,
हाताला हात लागायचा प्रश्नच मिटला.
छबू म्हणाली,
"लागायचाच तर प्रश्न आहे, बाळा."

पाचव्या आठवड्यात मी फुटले.
धाकट्याला ताप, रात्रीचे साडेदहा,
एकच शटर अर्धं उघडं.
ग्लुकोज बिस्किटाचा पुडा घेतला, दहाची नोट दिली.
त्यानं पाचाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं,
टोपली समोर असताना,
आणि हसला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हातात मिळालेले पैसे
मला घरापर्यंत जड झाले.

सकाळी नळावर सांगून टाकलं.
कुणी बोललं नाही, माझा हंडा भरेपर्यंत.
मग छबूनंच तो माझ्या डोक्यावर चढवला.
"पोरानं खाल्ली ना? झालं तर मग.
आजपासून परत."

त्याच्या वहीत आम्ही कधीच मोठे नव्हतो,
पाचाची चहापूड, दहाचं तेल, दोनाचा शाम्पू.
पण रोज दोन क्रेट दूध नासायला लागलं
तेव्हा त्यानं बेरीज केली असावी.

नवव्या आठवड्यात टोपली गेली.
माफी वगैरे नाही, नुसती जागा मोकळी,
काउंटरचा तेवढाच चौकोन उजळ.
हौसा प्रचितीला घेऊन गेली, आम्ही बाहेर.
पोरीनं झाकण उघडलं, नारिंगी कांडी घेतली,
वीसची नोट दिली
आणि हात पुढे केला, बोटं पसरून.

तो गल्ल्यात बघत राहिला.
किती वेळ, ते प्रत्येकीनं वेगवेगळं मोजलं.

"कसे होते गं पैसे?" छबूनं विचारलं.
"गार," म्हणाली, आणि कांडी चोखत पुढे पळाली.

मी तूरडाळ अजून पद्मावतीहूनच आणते.
ते फडकं अजून फ्रिजवर आहे,
घडी घालून.
येताजाता आम्ही बघतो,
ओलं आहे की कोरडं.